पाहुणी विद्यार्थिनी

मिरजेहून निघताना डीनच्या सहीचं पत्र
प्लास्टिकच्या पिशवीत घातलं,
त्याच्यावर आणखी एक पिशवी.
ऐच्छिक प्रशिक्षण, चार आठवडे, धुळे.
खाली नाव: सेवंती ओंकार रहासे.
इथल्या कारकुनाने पहिल्या दिवशी ते
रहाळकर असं वाचलं.
मी दुरुस्त केलं नाही.
तेवढा एक दिवस रहाळकर होऊन बघितलं.
फार काही वेगळं वाटलं नाही;
चहा मात्र मिळाला.

गळ्यात बिल्ला आला: पाहुणी.
इथून शहादा, शहाद्यापुढे घाट, घाटापलीकडे धडगाव,
त्यापुढची पायवाट सांगत बसत नाही.
आठव्या वर्षी बापाच्या खांद्यावर बसून
याच ओपीडीच्या रांगेत होते मी.
तेव्हा बिल्ला नव्हता.
वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, कोठली शे वं माय तू?
सांगितलं.
मंग घरनीच शे की, म्हणाल्या,
आणि पोछा पुढे सरकवला.

सहा नंबरची कॉट.
फाईलवर लाल शाईत:
रुग्ण सहकार्य करत नाही. माहिती विश्वासार्ह नाही.
रुग्ण म्हणजे बोंदरी, वय अंदाजे वीस,
सिकलचं कार्ड पोलक्यात घामाने मऊ झालेलं.
तिला विचारत होते, दुखणं एक ते दहात किती?
ती भिंतीकडे बघत होती.
मी आमच्या बोलीत विचारलं.
म्हणाली, मागच्या खेपेला जात्यात बोट सापडलं होतं,
आता मांडी सापडलीय
आणि दळणारी थांबत नाही.
मी सरांना म्हटलं, नऊ.
ते लिहून घेतलं गेलं.
जातं मीच गाळलं होतं.

सर खूश झाले.
त्या दिवसापासून "ती पावरी कुठंय?"
सर्जरीतून, बाळंतकक्षातून, डोळ्यांच्या विभागातूनसुद्धा.
वाईट कुणीच नव्हतं, हे आधी सांगते.
संमतीपत्रं, पथ्यं, गोळ्यांच्या वेळा,
आणि एका म्हाताऱ्याचा पाय काढावा लागणार, हेही.
बातमी त्यांची, तोंड माझं.
म्हातारा शिव्या देताना माझ्याकडेच बघत होता.

ज्या गुरुवारी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढायला
मला शिकवणार होते,
त्या गुरुवारी मी भूलतज्ज्ञांसाठी
"उपाशी राहा" एवढंच अर्धा तास सांगत होते;
मक्याची राबडी खाण्यात धरायची की पिण्यात,
यावर बापलेकांत भांडण लागलं होतं.

रात्री मेसची शेवभाजी, नाकातून पाणी.
मैत्रिणीला फोनवर म्हटलं, मजेत आहे, खूप शिकतेय.
मग लॉगबुक उघडलं.
कौशल्य. तारीख. किती वेळा. कुणाच्या देखरेखीखाली.
चौथ्या आठवड्यातही पान जवळजवळ कोरं.

बोंदरीने घरी जायच्या आदल्या दिवशी विचारलं,
तू डॉक्टर आहेस का आपल्यातली?
मी म्हटलं, दोन्ही.
ती हसली नाही.
मग दोघींचा पगार देतात का, म्हणाली.

त्या संध्याकाळी सरांच्या केबिनबाहेर
दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा आत.
गुडघे तोंडी परीक्षेसारखे.
सर, मी दुभाषी म्हणून आले नव्हते.
ते चष्मा पुसत राहिले, बराच वेळ,
काच तर स्वच्छच होती.
मग म्हणाले, उद्या सातला ये.

सात वाजता पेशंट कुशीवर, गुडघे पोटाशी,
सुई माझ्या हातात.
त्याच्या तोंडासमोर भुसावळचा इंटर्न खैरनार उकिडवा,
हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा धरून;
त्यावर रात्री मी लिहून दिलेले आमचे तीन शब्द:
हलू नको. श्वास घे. झालं.
सुई आत जाताना एक बारीकसा टप
बोटांना ऐकू येतो.
थेंब आला, पाण्यासारखा निर्मळ.
खैरनार तिसरा शब्द असा काही म्हणाला
की पेशंटला हसू फुटलं,
आणि मला मास्कमधून, माझ्याच बोलीत,
ओरडावं लागलं:
हसू नका मामा, सुई अजून आत आहे.